ह्युमिक ॲसिड म्हणजे नेमकं काय? कंपोस्टच्या काळ्या रंगामागचं रसायन

गेल्या मार्चमधली गोष्ट. प्लेनोतल्या आमच्या मागच्या अंगणात मी कंपोस्टच्या डब्याशी झटत होते, तेवढ्यात फोनवर मामांचा फोटो आला. मामा पुसदजवळ शेती करतात. कापूस, सोयाबीन, थोडी तूर. फोटोत एक चकचकीत पाकीट होतं. त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘ह्युमिक ९८%’ आणि खाली जमिनीचा कस वाढवण्याचं आश्वासन. सोबत मामांचा आवाजी निरोप: “दुकानदार म्हणते एकरी अर्धा किलो टाका, जमीन भुसभुशीत होते. तू केमिस्ट्रीवाली. घेऊ का नको, सांग बरं.”

मला पटकन उत्तर देता येईना. ‘ह्युमिक’ हा शब्द माझ्या ओळखीचा. पीएचडीच्या वर्षांत पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांची मोजमापं करताना तो रोज कानावर पडायचा. पण त्या पाकिटात नेमकं काय आहे, हे एका वाक्यात सांगणं अवघड होतं. कारण ह्युमिक आम्ल म्हणजे काय, यावर रसायनशास्त्रज्ञांमध्येच दोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे.

भरीस भर म्हणजे त्याच आठवड्यात माझ्या टोमॅटोच्या रोपांनी मान टाकली होती. ‘झालं हं आपलं कंपोस्ट तयार’ असं म्हणत मी जे काळंभोर खत वाफ्यात मिसळलं होतं, त्यानंच ती पिवळी पडली होती. माझा आणि मामांचा प्रश्न तसा एकच होता: एखादी गोष्ट काळी दिसते, म्हणून तिला ह्युमस म्हणायचं का?

दोन काळ्या जमिनी

प्लेनोत घर घेतलं की पहिल्या उन्हाळ्यात शेजारी एक अजब सल्ला देतात: झाडांच्या आधी घराच्या पायाला पाणी घाला. ऑगस्टमध्ये इथली जमीन इतकी आक्रसते की भेगांत बोट सहज जातं आणि घराचा पाया हलतो. म्हणून लोक भिंतीलगत झिरपणारा पाइप टाकून ठेवतात. मला पहिल्यांदा त्या भेगा दिसल्या, तेव्हा मे महिन्यातलं मामांचं शेत आठवलं.

हे साम्य वरवरचं नाही. प्लेनो ज्या ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ पट्ट्यात येतं, तिथली माती आणि आपली काळी कापसाची जमीन या दोन्ही मृदाशास्त्रात ‘व्हर्टिसोल’ या एकाच गणात मोडतात. टेक्सासची राज्य-माती म्हणून ओळखली जाणारी ‘ह्युस्टन ब्लॅक’ माती याच गणातली. दोघींचे आईबाप मात्र वेगळे. आपली रेगूर माती लाव्हाच्या बेसाल्ट खडकातून झाली, इथली माती प्राचीन उथळ समुद्राच्या चुनखडीयुक्त गाळातून. पण दोन्हींत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते.

आता गंमत बघा. या दोन्ही जमिनी काळ्या आहेत, म्हणून त्यांत सेंद्रिय पदार्थ ठासून भरलाय असं वाटतं. प्रत्यक्षात दख्खनच्या कितीतरी काळ्या शेतांत सेंद्रिय कार्बन एक टक्क्याहूनही कमी असतो. थोडासाच ह्युमस चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट आणि इतका बारीक पसरून चिकटलेला असतो की सगळी माती काळी दिसते. चमचाभर काजळानं वाटीभर तेल काळं व्हावं, तसं. म्हणजे रंगावरून प्रमाण ठरत नाही. हा पहिला धडा.

दूध, लिंबू आणि ह्युमिक आम्ल

मग प्रमाण ठरवायचं कसं? १७८६ साली फ्रान्झ आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पाला, अल्कलीच्या द्रावणात भिजवला. द्रावण गडद तपकिरी झालं. त्यात आम्ल ओतल्यावर काळपट साका खाली बसला. तपशील सुधारले, उपकरणं बदलली, पण मूळ कृती आजही तीच आहे.

प्रयोगशाळेत आम्ही कंपोस्ट किंवा माती सौम्य कॉस्टिक सोड्यात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घुसळतो. हे शक्यतो नायट्रोजन वायूखाली करतात. कारण अल्कलीत हवेतला ऑक्सिजन लागला तर नमुनाच बदलू लागतो. मग गाळून तीन भाग वेगळे करतात. जे अल्कलीतही विरघळलं नाही आणि मातीसोबत खाली राहिलं, ते ह्युमिन. विरघळलेल्या भागात आम्ल घालून सामू, म्हणजे पीएच, १ पर्यंत उतरवला की जो साका बसतो ते ह्युमिक आम्ल. आणि आम्लातही जे विरघळलेलंच राहतं, ते पिवळसर रंगाचं फुल्विक आम्ल. ‘फुल्विक’ हे नाव १९१९ मध्ये स्वेन ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञानं दिलं. लॅटिनमध्ये ‘फुल्वस’ म्हणजे पिवळट तपकिरी.

हे सगळं समजून घ्यायला स्वयंपाकघरातलं उदाहरण पुरेसं आहे. दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं. पनीर वेगळं होतं, निवळी वेगळी. हे का घडतं? दुधातल्या केसीन प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून ते दुधात तरंगत राहतात. लिंबातलं आम्ल हायड्रोजन आयन पुरवतं, ऋणभार झाकला जातो, ढकलाढकली थांबते आणि कण एकत्र येऊन गोळा होतात.

ह्युमिक आम्लाचं अगदी तसंच. त्याच्या रेणूंवर ठिकठिकाणी कार्बॉक्सिल गट लटकलेले असतात. एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन अशा चार अणूंचा हा गट. व्हिनेगरला आंबटपणा देणाराही हाच. अल्कलीत हा गट आपला हायड्रोजन सोडतो आणि ऋणभारित होतो. सगळे रेणू एकमेकांपासून दूर पळतात आणि पाण्यात विरघळतात. आम्ल घातलं की हायड्रोजन परत येऊन बसतो, भार जातो आणि साका बसतो. हे आपलं पनीर. फुल्विक आम्लाचे रेणू आकारानं लहान, त्यांत ऑक्सिजन जास्त, कार्बॉक्सिल गटही दाट. म्हणून ते आम्लातही पाण्याशी मैत्री तोडत नाहीत. ती आपली निवळी.

घरी बघायचं असेल तर दोन काचेच्या ग्लासांत चमचा चमचा कंपोस्ट घ्या. एकात नुसतं पाणी घाला, दुसऱ्यात धुण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी. तासाभरानं सोड्याचा ग्लास कोऱ्या चहासारखा गडद दिसेल. प्रयोगाचा पुढचा, आम्लाचा भाग मात्र प्रयोगशाळेवर सोडा. व्हिनेगर सामू पुरेसा खाली नेऊ शकत नाही आणि त्याहून तीव्र आम्लं ओट्यावर हाताळायची नसतात.

पण पनीर दुधात होतं का?

इथे खरा वाद सुरू होतो. दूध फाडल्यावर पनीर मिळतं. म्हणून दुधात आधीपासून पनीराचे तुकडे तरंगत होते असं आपण म्हणत नाही. मग सोडा आणि आम्ल वापरून साका मिळाला, म्हणून मातीत ‘ह्युमिक आम्ल’ नावाचा पदार्थ होता असं का म्हणायचं?

हा आक्षेप जुना आहे. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चं नोबेल मिळवणारे सेल्मन वाक्समन हे मुळात मातीचे अभ्यासक. १९३६ मध्ये त्यांनी ‘ह्युमस’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ही असली नावं म्हणजे केवळ काढण्याच्या कृतीची लेबलं आहेत, ती सोडून द्यावीत, अशी भूमिका घेतली. तरी विसाव्या शतकात बराच काळ एक चित्र पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून होतं. त्यानुसार पालापाचोळा कुजतो, त्याचे तुकडे जीवाणूंच्या मदतीनं परत जोडले जातात आणि त्यातून अवाढव्य, काळे, सहजासहजी न कुजणारे रेणू तयार होतात.

या चित्राला आधार नव्हता असं नाही. चिरलेलं वांगं काळं पडतं, तेव्हा त्यातली फिनॉल संयुगं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून क्विनोन बनतात आणि ते जुळून तपकिरी पदार्थ होतो. पोळीवर डाग पडतात, तेव्हा साखर आणि अमिनो आम्लं जुळून तपकिरी पदार्थ होतो. या दोन्ही प्रकारच्या अभिक्रिया कंपोस्टमध्ये होऊ शकतात. पण पुढे आधुनिक उपकरणांनी माती न फाडता, जागच्या जागी तपासता येऊ लागली, तेव्हा ते अवाढव्य रेणू काही ठळकपणे दिसेनात. दिसले ते वनस्पतींचे आणि जीवाणूंचे अवशेष: लिग्निनचे तुकडे, मेदाच्या साखळ्या, शर्करा, प्रथिनं. सगळे वेगवेगळ्या टप्प्यांवर कुजत चाललेले, एकमेकांना आणि चिकणमातीला चिकटलेले. २०१५ मध्ये योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’मध्ये हीच मांडणी केली. मातीतला सेंद्रिय पदार्थ म्हणजे कुजण्याचा अखंड उतार आहे, ह्युमिक नावाचा वेगळा मुक्काम नाही. त्यावर दुसऱ्या बाजूनंही उत्तरं आली. अल्कलीतून मिळणारा भाग उपयोगी माहिती देतो, तो टाकून देऊ नका, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर मी मधोमध आहे. ‘ह्युमिक आम्ल’ हे एका रेणूचं नाव नाही. साखर म्हटलं की एक सूत्र लिहिता येतं. ह्युमिक आम्लाचं असं सूत्र नाही, दर नमुन्याला ते वेगळं. ते एका कृतीचं नाव आहे. पण त्या कृतीतून एक महत्त्वाची गोष्ट कळते: त्या ढिगात विद्युतभार धारण करू शकणारा सेंद्रिय पदार्थ किती आहे. कंपोस्टचं मोल ठरतं ते पुष्कळसं याच भारावर.

ढिगात काय घडतं

आता कंपोस्टच्या डब्यात उतरू. आमच्या डब्यात शेजारच्या ओकची वाळलेली पानं, भाजीची देठं, चहाचा चोथा आणि अधूनमधून नासलेली कोथिंबीर असते. वाळलेल्या पानांत दर एक भाग नायट्रोजनमागे ४० ते ८० भाग कार्बन असतो, भाजीच्या कचऱ्यात १५ ते २०. दोन्ही मिसळून हे गुणोत्तर २५ ते ३० च्या घरात आणलं की जीवाणू खूश.

आधी साखर, स्टार्च, प्रथिनं फस्त होतात. ढीग तापतो, मोठा असेल तर ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत. मग सेल्युलोज. सगळ्यात चिवट म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन. ते पूर्ण संपत नाही, पण बदलतं. बुरशी आणि जीवाणू त्याच्या साखळ्या तोडतात, मेथॉक्सिल गट काढून टाकतात आणि तुटलेल्या टोकांवर ऑक्सिजन जोडतात. म्हणजे नवे कार्बॉक्सिल गट तयार होतात. दरम्यान निम्म्याच्या आसपास कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो.

या बदलांची पावलं प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतात. ताज्या ढिगातून काढलेल्या ‘ह्युमिक आम्ला’त नायट्रोजन आणि मेदासारख्या लांब साखळ्या जास्त, आम्ल गट कमी. खरं तर ते अर्धवट विरघळलेलं प्रथिन आणि लिग्निनच असतं. ढीग मुरत जातो तसे शर्करांचे आणि साखळ्यांचे संकेत फिके पडतात. बेंझिनसारख्या वलयांचे आणि कार्बॉक्सिल गटांचे वाढतात. फुल्विक भागाच्या तुलनेत ह्युमिक भाग वाढतो. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २० च्या खाली येतं. आणि कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम असे धनभारित आयन धरून ठेवण्याची आणि मुळांना सोडण्याची ताकद, वाढत जाते. १९८० मध्ये हाराडा आणि इनोको या जपानी संशोधकांनी राख वगळून दर १०० ग्रॅमला ६० मिलिइक्विव्हॅलंट ही पक्व कंपोस्टची खूण सुचवली होती.

लक्षात घ्या, काळा रंग पहिल्या काही आठवड्यांतच येतो. भार वाढायला महिने लागतात. मी फसले ती इथेच. माझं कंपोस्ट काळं होतं, पण पक्व नव्हतं. त्यात खाण्याजोगा कार्बन शिल्लक होता. वाफ्यात गेल्यावर जीवाणूंनी तो खायला घेतला आणि सोबत लागणारा नायट्रोजन मातीतून ओढला. टोमॅटोच्या वाट्याला काही राहिलं नाही. शिवाय कच्च्या खतातली ॲसिटिक आम्लासारखी लहान आम्लं आणि अमोनिया कोवळ्या मुळांना भाजतात, ते वेगळंच.

इंदूर ते पुसद

कचऱ्याचं ह्युमस कसं करायचं, या प्रश्नाचं जगाला माहीत असलेलं एक उत्तर आपल्या शेजारातून गेलंय. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड होळकरांच्या इंदुरात वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक होते. तिथे बसवलेल्या कंपोस्टच्या पद्धतीवर १९३१ मध्ये पुस्तक निघालं. त्याच्या नावातच शेतीतल्या टाकाऊ पदार्थांचा ‘ह्युमस म्हणून उपयोग’ असे शब्द आहेत. हॉवर्ड यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मुखपृष्ठावरचं दुसरं नाव सहसा कुणी घेत नाही: यशवंत वाड. संस्थेतली रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे हे सहलेखक. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, तीन महिन्यांत तीन वेळा उलथापालथ, अशी ती ‘इंदूर पद्धत’ पुढे जगभर गेली.

या पद्धतीत कष्ट मोठे, कारण ढीग उलथावा लागतो. तो कष्ट टाळण्याची एक युक्ती मामांच्याच तालुक्यातून आली. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं विटांचं टाकं सुचवलं. भिंतीत मुद्दाम भोकं ठेवायची, म्हणजे हवा आपली आपण आत जाते. त्यांच्याच आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हे नाव पडलं. रसायनाच्या भाषेत त्या भोकांचा अर्थ सरळ आहे. ऑक्सिजन मिळाला तर लिग्निनच्या टोकांवर कार्बॉक्सिल गट बनतात. उकिरड्याच्या खड्ड्यात हवा कोंडली तर उग्र वासाची लहान आम्लं आणि मिथेन.

प्लेनो महापालिकाही घरोघरचा पालापाचोळा गोळा करते आणि त्याचं कंपोस्ट ‘टेक्सास प्युअर’ या नावानं विकत आली आहे. तिथे यंत्रं ढीग उलथतात. हॉवर्ड-वाड यांचे मजूर जे करत होते, तेच काम.

अळिवाची परीक्षा

मग कंपोस्ट पिकलं की नाही, हे घरी कसं ओळखायचं? कार्बॉक्सिल गट मोजायचं यंत्र तर कुणाकडे नाही. पण एक फार सुंदर चाचणी आहे, आणि तिचं साहित्य आपल्या डब्यात असतं. १९८१ मध्ये इटलीतल्या झुक्कोनी आणि सहकाऱ्यांनी कच्च्या कंपोस्टचा विषारीपणा तपासायला एक बी निवडलं: लेपिडियम सॅटिव्हम. म्हणजे आपलं अळीव! बाळंतिणीच्या लाडवातलं.

कृती अशी. एक भाग कंपोस्ट, वजनानं दहा भाग पाणी. तासभर हलवा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळा. दोन बशांत टिपकागद ठेवा. एक साध्या पाण्यानं ओला करा, दुसरा या अर्कानं. दोन्हींत दहा-दहा अळिवाचे दाणे, एकमेकांपासून सुटे. झाकून उबदार अंधाऱ्या जागी दोन दिवस ठेवा. मग रुजलेले दाणे मोजा आणि मुळांची लांबी पट्टीनं मोजा. साध्या पाण्याच्या तुलनेत रुजण्याचे टक्के गुणिले मुळांच्या लांबीचे टक्के, भागिले शंभर. उत्तर ८० च्या वर आलं तर खत बिनधास्त वापरा.

टोमॅटो गेल्यावर मी ही चाचणी केली. साध्या पाण्यात दहाच्या दहा रुजले, मुळं सरासरी २० मिलिमीटर. कंपोस्टच्या अर्कात आठ, मुळं १२ मिलिमीटर. म्हणजे ८० गुणिले ६०, भागिले १००: फक्त ४८. दोन दिवस आणि वीस दाणे खर्चले असते तर रोपं वाचली असती.

कोणत्या मातीला काय लागतं

पक्व कंपोस्टचा फायदा सगळीकडे सारखा नसतो, हेही सांगायला हवं. कोकणातल्या जांभ्या मातीत केओलिनाइट जातीची चिकणमाती असते. तिच्यावर विद्युतभार फार कमी. तिथे आयन धरून ठेवायचं काम मुख्यतः सेंद्रिय पदार्थाचे कार्बॉक्सिल गटच करतात. ते गेले की पावसासोबत खत वाहून जातं.

काळ्या जमिनीत स्मेक्टाइटवर मुळातच भरपूर भार असतो. तिथे कंपोस्ट लागतं ते दुसऱ्या दोन कारणांसाठी. एक, कण बांधून ठेवण्यासाठी. नुसती चिकणमाती ओली झाली की चिखल, वाळली की ढेकूळ. सेंद्रिय पदार्थ आणि त्यावर जगणारी बुरशी तिचे लहान टिकाऊ दाणे करतात, त्यातून हवा-पाणी खेळतं. दोन, लोहासाठी. चुनखडीच्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास असतो. लोहाची विद्राव्यता सामू एका अंकानं वाढला की सुमारे हजार पटीनं घसरते. जमिनीत लोह भरपूर, पण मुळांना मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. उसावर आला की आपण त्याला केवडा म्हणतो. प्लेनोतल्या बागांतही हेच दिसतं. कंपोस्टमधले फुल्विक आणि तत्सम रेणू शेजारशेजारच्या गटांनी लोहाला खेकड्यासारखं दोन नांग्यांत पकडतात आणि विरघळलेलं ठेवतात.

मामांच्या पाकिटाचा हिशेब

आता पाकिटाकडे. असं ह्युमिक बहुधा लिओनार्डाइटपासून, म्हणजे हवेनं जीर्ण झालेल्या लिग्नाइट कोळशापासून काढतात. कृती तीच, आखार्डची. पोटॅशची अल्कली वापरली की पोटॅशियम ह्युमेट. पदार्थ खोटा नाही. प्रश्न आहे तो आकड्याचा आणि दाव्याचा.

आकडा: ९८ टक्के कशाचे? नुसता द्रावणाचा गडदपणा मोजणाऱ्या रंगमापन पद्धतीत जे जे तपकिरी, ते ते ह्युमिक ठरतं आणि टक्के फुगतात. २०१८ मध्ये आयएसओ १९८२२ हे मानक आलं. त्यात साका प्रत्यक्ष काढून, वाळवून, राख वजा करून तोलतात. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश झाला आणि ह्युमिक-फुल्विक आम्लं त्यात आली. म्हणून पाकिटावर नोंदणी आहे का आणि टक्के कोणत्या पद्धतीनं काढलेत, हे विचारणं मामांचा हक्क आहे.

दावा: ‘जमिनीचा कस वाढवतो’. करा हिशेब. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८५० टन माती असते. सेंद्रिय कार्बन अर्धा टक्का धरला तर ४,२५० किलो. त्यात अर्ध्या किलोचं पाकीट. सगळंच्या सगळं कार्बन मानलं तरी साडेआठ हजारांतला एक भाग! उलट दोन टन कंपोस्ट घ्या. अर्धं पाणी वजा केलं, उरलेल्यात १५ टक्के कार्बन धरला, तरी १५० किलो होतो. त्यातलाही बराचसा पुढच्या काही वर्षांत जीवाणू खाऊन टाकतील, म्हणून दरवर्षी घालावं लागतं. पण निदान तो मोजता येईल इतका असतो.

मग पाकीट निरुपयोगी का? तसंही नाही. ह्युमिक पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात मुळांवर संप्रेरकासारखा परिणाम करू शकतात. २००२ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी दाखवलं की गांडूळखतातल्या ह्युमिक आम्लानं मक्याची उपमुळं वाढतात आणि मुळांच्या पेशींतले प्रोटॉन-पंप जोरात चालतात. २०१४ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात खोड-पानांची आणि मुळांची वाढ सरासरी पाचव्या हिश्शानं जास्त दिसली. पण नमुन्यानुसार, मातीनुसार, मात्रेनुसार फरक मोठे. आणि कुंडीतली वाढ म्हणजे शेतातलं उत्पन्न नव्हे.

मी मामांना फोन केला. म्हटलं, “मामा, हे पाकीट म्हणजे टॉनिक आहे, भाकरी नाही. जमीन भुसभुशीत होईल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. मुळांसाठी आजमावायचंच असेल तर आधी नोंदणी बघा, एकच घ्या, कापसाच्या चार ओळींना द्या, शेजारच्या चार तशाच ठेवा. वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोला. आणि गोठ्यामागचं ते नाडेपचं टाकं रिकामं का पडलंय?”

पलीकडे थोडी शांतता. मग मामा म्हणाले, “भरतो. पऱ्हाट्या पडल्याच आहेत, दरवर्षी पेटवतोच ना आपण.”

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली खोडं. लिग्निनचा चांगला साठा. जाळल्या तर तासाभरात धूर; बारीक करून शेणाच्या काल्यासोबत टाक्यात मुरवल्या तर काही महिन्यांत विद्युतभार. मी त्यांना ते टाकं उघडल्यावर अळिवाची परीक्षा घ्यायला सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी टाक्याचा फोटो आला, वरून शेणामातीनं लिंपलेलं. सोबत मामींचा निरोप: “अळीव घरात आहे. पण मोजून वीसच दाणे देईन, बाकीचे लाडवासाठी आहेत.”

माझ्या डब्याची दुसरी चाचणी परवा झाली. यंदा आकडा ८६ आला. टोमॅटो पुढच्या आठवड्यात लावते आहे.